वैमानिकाचे बिऱ्हाड आणि दिल्लीची फाईल

२०२५ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २६ तारखेस चंडीगढच्या हवाई तळावर मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ साली याच शहरी ज्याचा भारतीय हवाई दलात प्रवेश झाला, ते विमान बासष्ट वर्षांनी तेथूनच निवृत्त झाले. हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी स्वतः त्या दिवशीच्या उड्डाणात भाग घेतला, उतरलेल्या विमानांवर पाण्याचे फवारे उडवून त्यांना मानवंदना देण्यात आली, आणि साठी-सत्तरी ओलांडलेले जुने वैमानिक गहिवरले. यंत्राला असा निरोप देणे सैनिकी परंपरेला धरूनच आहे. ज्या विमानांनी १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नर-निवासावर मारा करून पूर्व पाकिस्तानच्या सरकारचा उरलासुरला धीर खचविला, त्यांचा एवढा मान व्हावयासच हवा होता.

तथापि त्या सुमारास जे लिहिले व बोलले गेले, त्यात दोनच सूर प्रामुख्याने ऐकू येत होते. एकाच्या लेखी हे विमान म्हणजे गौरवशाली योद्धा, तर दुसऱ्याच्या लेखी ती ‘उडती शवपेटी’. दोन्ही शब्द जोरकस आहेत आणि दोन्ही सोयीचे आहेत. योद्धा म्हटले की त्याच्या मागे किती जण गेले हे विचारणे अप्रशस्त ठरते. शवपेटी म्हटले की सारा दोष पत्र्याच्या आणि इंजिनाच्या माथी मारून आपण मोकळे होतो. २०१२ च्या मे महिन्यात तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेली माहिती अशी होती, की भारताने घेतलेल्या मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ विमाने १९७१-७२ पासून त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत अपघातांत नष्ट झाली. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक, इतर सेवांतील ८ जण व एक विमान-कर्मचारी मृत्युमुखी पडले. हे आकडे युद्धाचे नव्हेत, अपघातांचे आहेत, हे ध्यानात घ्यावयास हवे.

प्रस्तुत लेखकास असे वाटते, की लष्करी वैमानिकाच्या आयुष्याकडे पाहताना आपण एक भेद करावयास चुकत आलो आहो. कोणता धोका त्याच्या पेशाचा आहे, आणि कोणता धोका आपण, म्हणजे या देशाच्या नागरिकांनी व त्यांनी निवडून दिलेल्या सरकारांनी, दिरंगाईने त्याच्या पदरात घातला आहे? पहिला तो राजीखुशीने पत्करतो. किंबहुना त्यासाठीच तो खडकवासल्याच्या प्रबोधिनीत किंवा हैदराबादजवळच्या दुंडिगलला गेलेला असतो. दुसऱ्याविषयी त्यास कोणी विचारलेले नसते.

पाऊण तासाचे उड्डाण

चित्रपटांनी आणि प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाने वैमानिकाची जी मूर्ती आपल्या मनात उभी केली आहे, तिच्यात गॉगल आहे, गर्जना आहे, आकाशात उमटणारे तिरंगी धुराचे पट्टे आहेत. प्रत्यक्ष दिनक्रम पुष्कळसा रुक्ष आहे. लढाऊ विमानाचे सरावाचे एक उड्डाण बहुधा पाऊण तास ते तास-सव्वा तासाचे. पण त्यासाठी अवघा दिवस खर्ची पडतो. पहाटे उठून हवामानाची माहिती ऐकावयाची, आदल्या दिवशी पाठ केलेल्या योजनेची पुन्हा उजळणी करावयाची, विमानाभोवती फिरून ते डोळ्यांखालून घालावयाचे, यंत्रविभागाच्या वहीत सही करून ते ताब्यात घ्यावयाचे. आणि खाली उतरल्यावर प्रत्यक्ष उड्डाणाहूनही लांबलेली चर्चा असते. तीत प्रत्येक वळण, प्रत्येक चूक ध्वनिचित्रफितीवरून तपासली जाते. तेथे हुद्द्याचा मुलाहिजा फारसा नसतो. आपल्या कचेऱ्यांतून साहेबाची चूक दाखविणारा कारकून किती काळ टिकेल हा प्रश्न विचारण्याची ही जागा नव्हे. पण हवाई दलाकडून शिकण्यासारख्या गोष्टींत ही एक आहे हे नमूद करावयास हरकत नाही.

शरीराचीही कथा वेगळी असते. तीव्र वळण घेताना अंगाचा भार सहा-सात पटींनी, प्रसंगी नऊ पटींपर्यंत वाढल्यासारखा होतो. रक्त पायांकडे धाव घेते आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागते. ती थोपविण्यासाठी मांड्या व पोटऱ्या आवळणारा पोशाख चढविलेला असतो, आणि पोटाचे स्नायू ताठ करून विशिष्ट तऱ्हेने श्वास घेण्याची सवय अंगी मुरवावी लागते. मान आणि पाठ ही या पेशाची कायमची दुखणी. साध्या सर्दीनेही वैमानिक जमिनीवर येतो, कारण चोंदलेल्या नाकाकानांना बदलत्या हवेच्या दाबाचा मारा सोसवत नाही. सामान्य माणूस डॉक्टरकडे बरे होण्यासाठी जातो. वैमानिक वर्षाच्या ठरलेल्या तपासणीला जातो तो मनात धाकधूक घेऊन, कारण रक्तदाबाचा एक आकडा इकडचा तिकडे झाला तर त्याचे उड्डाण थांबते. खुर्चीसकट विमानाबाहेर फेकले जाऊन प्राण वाचविता येतात हे खरे, परंतु तो झटका मणक्यावर बसतो. १९९९ च्या कारगिल युद्धात २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांच्या मिग-२७ चे इंजिन बंद पडले, ते बाहेर पडले, पाकिस्तानच्या हाती सापडले आणि आठवड्याभरात सुटून आले. सुटकेची बातमी देशाने वाचली. मणक्याच्या दुखापतीमुळे त्यांना लढाऊ विमान सोडून मालवाहू विमानांकडे वळावे लागले, हे किती जणांना आठवते?

वाट पाहणे हा या दिनक्रमाचा दुसरा भाग. सीमेलगतच्या तळांवर काही विमाने अहोरात्र शस्त्रसज्ज उभी असतात आणि त्यांचे वैमानिक संपूर्ण पोशाखानिशी शेजारच्या खोलीत बसून असतात. भोंगा वाजला की काही मिनिटांत त्यांना आकाशात असावे लागते. बहुतेक दिवशी भोंगा वाजत नाही. पाळी संपते, दुसरे येऊन बसतात. बाडमेरजवळचे उत्तरलाई, बिकानेरजवळचे नाल, कच्छातील नलिया, आसामातील तेजपूर आणि छबुआ ही नावे आपल्याकडे फारतर भूगोलाच्या नकाशात भेटतात. वैमानिकांच्या घरांत ती वर्षांची नावे असतात. ‘थोरला नलियाला असताना झाला’, ‘छबुआला असताना आई गेली’ अशी त्या घरांची कालगणना चालते.

सियाचेनचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे उचित होणार नाही. १९८४ च्या एप्रिलात त्या हिमनदीवर आपले सैन्य चढले तेव्हापासून तेथील ठाण्यांचा प्राण हेलिकॉप्टरांवर अवलंबून आहे. सुमारे वीस हजार फुटांपर्यंतच्या उंचीवर, विरळ हवेत, चीता जातीचे छोटे हेलिकॉप्टर एका फेरीत नेऊन नेऊन नेणार किती? अगदी वरच्या ठाण्यांवर रॉकेलचा एखाददुसरा डबा. कड्याच्या टोकावरील टेबलाएवढ्या वाटणाऱ्या जागेत ते टेकते, पाते फिरतेच राहते, सामान खाली ढकलले जाते, एखादा आजारी जवान आत ओढला जातो, आणि मिनिटभरात ते पुन्हा दरीत झेपावते. इंजिन तेथे बंद करता येत नाही, कारण एकदा बंद पडले तर त्या थंडीत ते पुन्हा चालू होईल याची शाश्वती नसते. या फेऱ्यांना संचलनात स्थान नाही.

बदलीचे बिऱ्हाड

‘बदली’ हा शब्द मराठी मध्यमवर्गाला नवा नाही. शिक्षक, तलाठी, बँकेतील कारकून, पोस्टमास्तर या साऱ्यांनी तो भोगला आहे. परंतु जिल्ह्यातून जिल्ह्यात होणारी बदली आणि तंजावरहून आदमपूरला होणारी बदली यांत केवळ मैलांचा फरक नाही. भाषा बदलते, अन्न बदलते, शाळेचे वर्ष कोठे जूनमध्ये तर कोठे एप्रिलमध्ये सुरू होते. दर दोन-तीन वर्षांनी काळ्या रंगाच्या लोखंडी ट्रंकांवर नवे नाव-गाव रंगवून बिऱ्हाड हलते. नव्या तळावर विवाहितांसाठी निवासस्थान लगेच मिळेलच असे नाही; प्रतीक्षायादी असते, आणि तोवर कुटुंब जुन्या गावी किंवा सासरी-माहेरी.

प्रस्तुत लेखकाने आयुष्याची काही वर्षे पुण्यात अध्यापनात घालविली आहेत. लोहगावच्या तळावरील एका अधिकाऱ्याची मुलगी सहामाही परीक्षा तोंडावर आली असता सातवीच्या वर्गात दाखल झाली. शाळा सोडल्याचा दाखला मागितला तेव्हा तिने दप्तरातून एकाऐवजी दाखल्यांची गड्डीच काढली. ती तिची पाचवी शाळा होती. हुशार मुलगी, पण वर्गात कोणाशी फार बोलत नसे. एकदा सहज विचारले, तर म्हणाली, “सर, मैत्रीण झाली की पत्र लिहावं लागतं.” त्या वाक्याचा अर्थ कळावयास मला थोडा वेळ लागला. दोन वर्षांनी ती गेली. आमच्या कार्यालयातील लिपिकांनी नवा दाखला लिहिला आणि तो गड्डीत पाचवा होऊन बसला. तिची आजी साताऱ्याकडची होती. नातीशी ती मराठीत बोले आणि नात हिंदीत उत्तर देई.

केंद्रीय विद्यालये आहेत, हवाई दलाच्या स्वतःच्या शाळा आहेत, उच्च शिक्षणाच्या प्रवेशांत सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागाही आहेत. या सोयी नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी अधिवासाचा दाखला, बदलीचा हुकूम, युनिटचे प्रमाणपत्र आणि त्या सर्वांच्या साक्षांकित प्रती घेऊन प्रवेशाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या आईला पाहिले आहे, त्यांस ठाऊक आहे की सवलत आणि ती पदरात पडणे यांत किती टेबलांचे अंतर असते. ती आई स्वतः शिक्षिका असली तर आणखी बिकट. दर बदलीगणिक तिची नोकरी नव्याने सुरू होते आणि ज्येष्ठता शून्यावर येते. १९९४ पासून स्त्रियाही हवाई दलात वैमानिक झाल्या, २०१६ च्या जूनमध्ये तिघींनी लढाऊ विमानांच्या शाखेत प्रवेश केला. पतिपत्नी दोघेही गणवेशात असलेली घरे आता पुष्कळ आहेत. दोघांना एका ठिकाणी नेमणूक देण्याचा प्रयत्न होतो, परंतु तिचे विमान एका तळावर आणि त्याचे दुसऱ्या, अशी वेळ यावयाची ती येतेच.

नेमणुकीखेरीज तात्पुरत्या मुक्कामाची निराळी व्यवस्था असते. स्क्वाड्रन एका तळावर, तिची तुकडी दुसऱ्या तळावर. परमवीरचक्र मिळविणारे हवाई दलाचे एकमेव वैमानिक निर्मलजितसिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात धारातीर्थी पडले, तेही अंबाल्याच्या स्क्वाड्रनमधून अशाच तुकडीबरोबर गेले होते. २०२० साली लडाखमध्ये चीनशी संघर्ष उभा राहिला तेव्हा लेहच्या बाजूस अशाच तुकड्या हलल्या, आणि मागे तळावर कुटुंबे राहिली. तळ म्हणजे मागची सुरक्षित जागा, हा समजही आता उरलेला नाही. २०१६ च्या जानेवारीत पठाणकोटच्या तळावर अतिरेकी शिरले तेव्हा आत कुटुंबे होती. २०२५ च्या मे महिन्यातील संघर्षात उधमपूर, पठाणकोट, आदमपूर, भूज येथील तळांवर ड्रोन व क्षेपणास्त्रे आली. दिवे मालवून बसलेल्या निवासस्थानांत उद्याच्या परीक्षेचा अभ्यास करणारी मुलेही होती.

१९७१ च्या युद्धातील दोन मराठी वैमानिकांची आठवण येथे होते. दोघेही सुखोई-७ उडवीत होते, दोघेही पाकिस्तानच्या हद्दीत पडले. दिलीप परुळकर यांनी १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या बंदिवासातून दोन सहकाऱ्यांसह भुयारासारखे भोक पाडून पलायन केले, अफगाण सरहद्दीनजीक लंडीकोतलपर्यंत मजल मारली आणि तेथे पकडले गेले. पुढे सुटून आले व २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात निवर्तले. ही कथा आपणांस प्रिय आहे, तिच्यावर चित्रपटही निघाला. दुसरे फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. ते परतले नाहीत. बॅडमिंटनमध्ये तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेल्या त्यांच्या पत्नी दमयंती तांबे यांच्या विवाहाला तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. सरकारनेच मान्य केलेल्या, बेपत्ता अशा ५४ सैनिक-अधिकाऱ्यांच्या यादीत ते नाव राहिले. २००७ साली, छत्तीस वर्षांनंतर, बेपत्तांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंग पाहू देण्यात आले. दमयंतीबाई त्यांत होत्या. काही हाती लागले नाही. पलायनाची कथा दोन तासांत पडद्यावर बसते. छत्तीस वर्षांच्या वाट पाहण्याचा चित्रपट कोण काढणार?

बावीस वर्षे

येथवर जे सांगितले त्यातील बरेचसे अटळ आहे असे कोणी म्हणेल, आणि ते मला मान्य आहे. सीमा असेल तेथे तळ असणार, तळ असेल तेथे बदली असणार. सियाचेनची हवा कोणाच्या हुकुमाने दाट होणार नाही. वैमानिकाला वेतनाखेरीज उड्डाणभत्ता मिळतो, समाजात मान मिळतो, हेही खरे. एस.टी.चा चालक, कोळशाच्या खाणीतील मजूर, गटारात उतरणारा सफाई कामगार यांना यातले काय मिळते, असा प्रश्न कोणी केला तर त्याला मजजवळ उत्तर नाही. मी इतकेच म्हणेन, की ज्या दिरंगाईने वैमानिक मरतो तिनेच तो सफाई कामगारही मरतो. वैमानिकाच्या बाबतीत कागदोपत्री तारखा निघतात म्हणून ती दाखविता येते, इतकाच फरक.

त्या तारखा अशा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अपघात वाढले तेव्हा एअर मार्शल डेनिस ला फाँतेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने १९८२ साली जे सांगितले त्याचा मथितार्थ सोपा होता. नवशिका वैमानिक मंद गतीच्या किरण विमानावर शिकतो आणि तेथून त्यास एकदम मिग-२१ वर बसविण्यात येते. हे म्हणजे सायकल शिकलेल्या मुलाच्या हाती घाटात ट्रक देण्यासारखे झाले. मिग-२१ हे रशियनांनी १९५० च्या दशकात उंचावरून वेगाने येणाऱ्या शत्रूच्या विमानाला गाठण्यासाठी बनविलेले यंत्र. त्याचे पंख लहान, उतरतानाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक, समोरचे दिसणे बेताचे. अनुभवी हातात ते तलवारीसारखे चाले. नवख्याला ते चुकीची मुभा देत नसे. तेव्हा मधली पायरी म्हणून एक प्रगत प्रशिक्षण-जेट विमान घ्यावे, अशी ती शिफारस होती.

ते विमान घेण्याचा करार झाला २००४ च्या मार्च महिन्यात. ६६ हॉक विमानांचा तो करार होता, आणि बीदरच्या तळावर ती रीतसर दाखल झाली २००८ साली. १९८२ ते २००४ म्हणजे बावीस वर्षे. मधल्या काळात किती सरकारे आली-गेली, किती संरक्षणमंत्री झाले, किंमतीवरून किती घासाघीस झाली, बोफोर्सनंतर सही करावयास कोणाचा हात कसा धजेना, हे सारे वाचकांस स्मरत असेल. प्रत्येकाजवळ आपापले कारण होते आणि ती कारणे खोटी होती असेही नाही. तथापि फाईल ज्या टेबलावर थांबली होती तेथे कोणाच्या जिवास धोका नव्हता. तो धोका तेजपुरात होता. त्या शाळेतून निघालेली मुले १९८६ पासून मिग-२१ वरच उच्च शिक्षण घेत होती.

हा एकच दाखला असता तर दुर्दैव म्हणून सोडून देता आला असता. नवशिक्यांच्या अगदी पहिल्या पायरीचे एचपीटी-३२ हे विमान पाहा. त्याच्या इंजिनाच्या तक्रारी जुन्या होत्या. १७ अपघातांत १९ वैमानिकांचे प्राण गेल्यावर २००९ साली ते जमिनीवर आणले गेले, आणि त्याच्या जागी स्विस बनावटीची पिलाटस विमाने दुंडिगलला आली ती २०१३ मध्ये. सियाचेनच्या चीताची कथा तीच. १९७० च्या दशकातील ते हेलिकॉप्टर २०२५ सरेपर्यंत तेथे उडत होते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींच्या एका गटाने त्यांस भेटून ही जुनी हेलिकॉप्टरे बंद करा म्हणून विनविले होते. पर्रीकर हे कागदावर बसून राहणारे गृहस्थ नव्हते; तरी ती हेलिकॉप्टरे त्यांच्याही मागे उरली. १९७९ साली आलेली जग्वार विमाने सेवेत आहेतच. २०२५ च्या एप्रिलात जामनगरजवळ आणि जुलैत राजस्थानात चुरूनजीक ती कोसळली, आणि त्या दोन अपघातांत तीन वैमानिक गेले.

या साऱ्याचा बदलीशी आणि बिऱ्हाडाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. हवाई दलास ४२ लढाऊ स्क्वाड्रन मंजूर आहेत. मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. सीमा तेवढीच राहिली, किंबहुना २०२० नंतर उत्तरेकडची राखण वाढली. मग तेच वैमानिक, तेच तंत्रज्ञ, तीच विमाने अधिक वेळा पुढच्या तळांवर जाणार, जुने विमान आणखी काही वर्षे ताणले जाणार. १९८३ साली हाती घेतलेल्या तेजस विमानाच्या मार्क-१ए या सुधारित आवृत्तीची ८३ विमाने २०२१ साली मागविली गेली. अमेरिकेहून येणाऱ्या इंजिनांमुळे ती लांबली. मिग-२१ ला निरोप देण्याच्या आदल्याच दिवशी आणखी ९७ विमानांचा करार झाला. १९६४ साली नाशिकजवळ ओझरला मिग-२१ बांधण्यासाठी जो कारखाना उभा राहिला, तेथूनच २०२५ च्या ऑक्टोबरात तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले, याचा आनंद मराठी माणसास व्हावा हे स्वाभाविक आहे. ओझरच्या कारागिरांनी आपले काम चोख केले आहे. प्रश्न त्यांचा नव्हता.

चूक कोणाची?

अपघातानंतर चौकशी होते. तिच्या निष्कर्षांत जे शब्द वारंवार येतात ते म्हणजे ‘मानवी चूक’. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार २०१७ ते २०२२ या काळात हवाई दलाचे ३४ अपघात झाले, आणि त्यांतील पुष्कळ मानवी चुकीच्या सदरात पडले. चूक होत नाही असे नाही. वैमानिकही माणूस आहे. रात्रीच्या काळोखात, क्षितिज दिसेनासे झाले असता, आपण वर चाललो की खाली याचा भ्रम भल्याभल्यांस होतो. परंतु ज्याने ही चूक केली असे म्हणावयाचे, तो साक्ष द्यावयास बहुधा हयात नसतो. आणि ज्यांनी बावीस वर्षे फाईल अडविली ते हयात असूनही त्यांना साक्षीस कोणी बोलावीत नाही. तीही मानवी चूकच होती, पण तिचे सदर चौकशीच्या छापील नमुन्यात नसते.

२००१ च्या सप्टेंबरात राजस्थानातील सुरतगढ येथे रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. दोष वैमानिकाकडे जाऊ लागला तेव्हा त्यांच्या आईवडिलांनी तो निमूट स्वीकारला नाही. कविता गाडगीळ यांनी लेख लिहिले, पत्रे पाठविली, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या. मुलाचा मृत्यू त्यांना मान्य होता. सैनिकाच्या आईला तो मान्य करावाच लागतो. मुलाचा अडाणीपणा मान्य नव्हता. पुढे या दांपत्याने मुलाच्या नावे उड्डाण-सुरक्षेचे काम उभारले. त्या काळात काही जाणत्या मंडळींस हा सारा प्रकार सेनादलाच्या मनोधैर्यास बाधक वाटला होता. मनोधैर्य कशाने खचते, यावर मतभेद होऊ शकतात. प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे एक निवृत्त वैमानिक म्हणत, की दर सकाळी विमानाच्या वहीत सही करताना त्यांना मृत्यूचे भय कधी वाटले नाही. भय वाटे ते हे, की आपण गेल्यावर आपल्या मुलाला कोणी सांगेल, तुझ्या बापाला नीट उडविता येत नव्हते.

अपघातांचे प्रमाण घटले आहे, हे प्रांजळपणे सांगावयास हवे. दर दहा हजार उड्डाण-तासांमागे २००० ते २००५ या काळात ते ०.९३ होते, २०२० ते २०२४ मध्ये ०.२० वर आले. कशामुळे घटले? मुले अधिक शूर झाली म्हणून नव्हे. हॉक आले, पिलाटस आले, जुन्या मिगांची संख्या कमी झाली, सरावाची कृत्रिम यंत्रे आली, देखभाल सुधारली. म्हणजे जे १९८२ साली कागदावर होते ते अखेरीस जमिनीवर आले, आणि आकडा खाली उतरला. यावरून जे आधी गेले त्यांच्यातील किती जण जगले असते याचा हिशेब मांडणे अवघड नाही, परंतु तो मांडण्याचे धैर्य मला होत नाही.

तेव्हा हवाई दलाच्या वर्धापनदिनी, ८ ऑक्टोबरला, वैमानिकांवर स्तुतिसुमने उधळण्यापूर्वी काही साध्या गोष्टी मागता येतील. संरक्षणखरेदीच्या ज्या प्रस्तावात जीवितसुरक्षेचा प्रश्न गुंतला आहे, तो कोणत्या टेबलावर किती दिवस होता याचा तक्ता दरवर्षी संसदेपुढे यावा. सैनिकी गुपिते त्यात फुटण्याचे कारण नाही, कारण तारखा शत्रूच्या उपयोगाच्या नसतात. बदलीचे हुकूम शक्यतो शाळेचे वर्ष संपताना निघावेत. युद्धप्रसंग सोडला तर हे जमण्याजोगे आहे, आणि पुष्कळ ठिकाणी जमविलेही जाते. राज्य सरकारांनी अधिवासाच्या दाखल्याऐवजी युनिटचे एकच प्रमाणपत्र सर्वत्र ग्राह्य धरावे. हा निर्णय घेण्यास दिल्लीला जाण्याचीही गरज नाही, तो मुंबईत होऊ शकतो. आणि अपघाताच्या चौकशीचा जो भाग गोपनीय नाही तो कुटुंबास लेखी, त्यांना समजेल अशा भाषेत, ठराविक मुदतीत मिळावा. त्यात वैमानिकाची चूक असेल तर तसे लिहावे. यंत्राची असेल तर यंत्राची. विमान अमुक साली बदलावयाचे ठरले होते आणि बदलले नाही, असे असेल तर तेही त्याच कागदावर, त्याच सहीखाली लिहावे.